नकोबाचे दगड

म्हशीला सर्दी झाली नसती, तर पाळकांनी तो नियम केलाच नसता.

चर्चच्या तरुण संघातल्या पोरांना पाळकांनी एवढंच सांगितलं होतं, की नुसती गाणी म्हणून भागत नाही, कुणाच्या तरी उपयोगी पडा. पोरं उठली ती थेट गावाबाहेरच्या दूधवालीकडे गेली आणि तिची म्हैस धुतली. सकाळी मुलींनी धुतली. दुपारी मुलग्यांनी धुतली, कारण मुलींनी ती नीट धुतली नसणार. संध्याकाळी सुताराचा पोरगा एकटाच गेला, कारण दिवसभर तो झोपला होता आणि आता त्याला आपल्या आत्म्याची काळजी वाटत होती. म्हैस शिंकायला लागली. दूधवाली चर्चच्या दारात येऊन म्हणाली, "पाळकसाहेब, तुमचा देव भला आहे, पण पोरं आवरा."

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर पाळकांनी नियम सांगितला. एकानं एकाच घरी जायचं. बदल्यात काही मागायचं नाही, घोटभर चहासुद्धा. आणि आपल्याला कंटाळा आला म्हणून काम संपत नाही. ज्याचं काम, तो 'पुरे' म्हणेल तेव्हाच संपतं.

"घर कसं निवडायचं?" शिंपिणीच्या पोरीनं विचारलं. असले प्रश्न तिला बरोबर सुचत.

"ज्या घरावरून जाताना तुमची मान आपोआप दुसरीकडे वळते, ते घर."

शिंपिणीची पोरगी विचारात पडली. तिचा हात वर जायच्या आत आपला जावा, एवढ्याच एका हेतूनं एका शेतकऱ्याच्या थोरल्या पोरीनं हात वर केला. तिला सोळावं सरत होतं. या वयात हात आधी वर जातो, डोकं मागून चालत येतं.

"मी नकोबांकडे जाईन," ती म्हणाली.

चर्चमध्ये टाचणी पडली असती तर दचकून उभी राहिली असती. मागच्या बाकावर थोरलीच्या बापाला ठसका लागला. तो लागला तो घरी पोचेपर्यंत थांबला नाही.

नकोबा म्हणजे त्यांच्या शेताला शेत लागून असलेला म्हातारा. कुणी काहीही विचारलं तरी त्याचं पहिलं उत्तर 'नको'. त्यामुळे खरं नाव लोक विसरून गेले होते, आणि बहुतेक तोही. दोन वर्षांपूर्वी बापाचा नांगर त्याच्या बांधात वीतभर घुसला. शब्दानं शब्द वाढला आणि बाप चारचौघांत बोलून गेला, "एक पाय कबरीत आहे, तरी बांध सुटत नाही याचा!" नकोबा तडक वळला. घरी गेला, आणि बापाच्या शेतातलं पाणी ज्या चारीतून त्याच्या बांधाखालून ओढ्याला जायचं, ती चारी दगडांनी गच्च बुजवून टाकली.

चर्चच्या वडीलधाऱ्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं. बराच खल झाला. शेवटी दोघांकडून शब्द घेतला, की एकानं दुसऱ्याच्या बांधाला हात लावायचा नाही. भांडण मिटलं. चारी बंदच राहिली. नकोबा त्या दिवसापासून चर्चमध्ये आला नाही.

यंदा तो घराच्या माळ्यावर चढताना शिडीवरून पडला आणि त्याचा एक पाय प्लॅस्टरमध्ये गेला.

*

"बापानं पाठवलं?" नकोबानं खाटेवरूनच विचारलं.

"नाही."

"पाळकानं?"

"नाही. मीच आले."

"मग डोक्यावर पडलीस की काय?"

थोरलीनं खोलीत नजर फिरवली. खोलीत बंद घराचा आणि जुन्या तेलाचा वास होता. खाटेच्या टोकाला पांढरा पाय एखाद्या पाहुण्यासारखा वेगळा ठेवला होता.

"बापाला सांग, एक पाय आहे कबरीत. दुसरा अजून बाहेर आहे."

"सांगते."

"आणि चारीसाठी आली असशील, तर सरळ बोल."

"मागायचं नाही, असा नियम आहे आमचा."

"आणखी काय नियम आहे?"

खोटं बोलता येत नव्हतं म्हणून तिनं सगळं सांगितलं. 'पुरे' म्हणायचंही सांगितलं. तिथंच चुकलं. नकोबाच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत कुणी न पाहिलेली गोष्ट आली. तो हसला.

"अस्सं? बरं. ती लाकडं दिसतात का? या भिंतीची त्या भिंतीला लाव. आणि चारीचं नाव काढशील त्या दिवशी याच काठीनं हाकलेन."

तिनं लाकडं लावली. दुसऱ्या दिवशी त्यानं ती परत पहिल्या भिंतीला लावायला सांगितली, कारण तिकडं ती 'परकी वाटत होती'. तिनं विहिरीचं पाणी भरलं, घासलेली भांडी घासली, गोठा झाडला. गोठ्यात जनावर नव्हतं. "उद्या आलं एखादं, तर?" नकोबा म्हणाला.

बाकीच्यांची सेवा केव्हाच आटोपली होती. शिंपिणीच्या पोरीला एका आजीबाईनं तासाभरात 'पुरे गं बाई' म्हणून वर पापे घेतले होते. सुताराच्या पोराला तर घरात शिरायच्या आधीच 'पुरे' म्हटलं गेलं. थोरली मात्र सकाळी नकोबाकडे आणि दुपारपासून घरच्या शेतात, अशी दोन्हीकडे राबत होती.

शेतात कांदा काढून झाला होता. पातीसकट ओळीनं मांडला होता, मान सुकायला. सुकलेला कांदा विळ्यानं पात कापून चाळीत, कांदा साठवायच्या छपरात, भरायचा. आई, बाप, थोरली आणि धाकटा, चौघं उकिडवे बसून पुढं पुढं सरकत. पाठीचा मणका न् मणका वेगळा बोलायला लागायचा. बोटांच्या भेगांत कांद्याचं पाणी जायचं आणि डोळ्यांतून बाहेर पडायचं. जिथं पात कापली होती तिथं कांदे घरचे वाटत. अजून कापायचे होते ते शेतात उघडे पडून आभाळाकडे बघत होते.

घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. कांदा चाळीत गेला, तर थोरली सुट्टीनंतर शाळेत जाणार होती. कांदा गेला, तर मावशीबरोबर वखारीत, फळं निवडायला. मावशीनं तिच्यासाठी तिथं डोक्याला बांधायचा रुमालसुद्धा शिवून ठेवला होता. मावशी अगदी प्रेमळ होती. त्यामुळेच तो रुमाल बघवत नव्हता.

"आठ हातांचं काम आहे हे," बाप विळा चालवत म्हणाला. तो बोलत होता कांद्याशी. "आणि आपल्याकडचे दोन हात सकाळभर शत्रूची भांडी घासतात."

"पाळक म्हणतात, ज्याच्याशी पटत नाही त्याच्यावर प्रेम करायला शिकावं," थोरली म्हणाली.

"कर की. घरी बसून कर. भांडी कशाला?"

"त्याला जेवायला कोण देतं गं?" आईनं मध्येच विचारलं.

"पुतणी आणते डबा, एक दिवसाआड."

"एक दिवसाआड?" आईचा विळा क्षणभर थांबला. दुसऱ्या दिवसापासून थोरलीच्या हातात डबा आला. बापानं तो पाहिला आणि पाहिला नाही.

*

ढग यायचे दिवस नव्हते. तरीही ते आले. आधी एक आला, भटक्या कुत्र्यासारखा, कुणाचाच नसल्यागत हिंडून गेला. मग त्यानं इतरांना सांगितलं असावं.

त्या सकाळी थोरली डबा घेऊन गेली तेव्हा नकोबा खाटेवर ताठ बसला होता. कपाळावर घाम. प्लॅस्टरमधून बाहेर आलेल्या बोटांवर मुंग्यांची रांग चढली होती. आदल्या दिवशीच्या डब्यातलं गोड काहीतरी सांडलं होतं. वाकता येत नव्हतं, काठी पोचत नव्हती. किती वेळ तो तसा बसला होता कोण जाणे.

"लाकडं," तो म्हणाला. "त्या भिंतीला."

थोरलीनं लाकडांकडे पाहिलंच नाही. फडकं ओलं केलं, खाली बसली आणि एकेक बोट पुसायला लागली. बोटांच्या बेचक्यात मुंग्या चावून लाल झालं होतं. म्हाताऱ्याची नखं वाढून वळली होती.

"नको म्हटलं मी," नकोबा भिंतीकडे बघत म्हणाला.

"नको म्हणालात. पुरे नाही म्हणालात."

तिनं नखंही कापली. मग लाकडं त्या भिंतीला लावली.

परतताना तिनं पाळकांना गाठलं. ते चर्चच्या पायरीवर सायकलला हवा भरत होते. हवा चाकात जायच्या ऐवजी बरीचशी त्यांच्या बाहीत जात होती.

"मला सोडवा," थोरली म्हणाली. "पाऊस येणार. अर्धं शेत उघडं आहे. ते काही पुरे म्हणत नाहीत."

"सोडलं," पाळक म्हणाले. "नियम मी केलाय, देवानं नाही. खरं सांगायचं तर म्हशीनं केलाय. आईबापाला मदत कर, तीही सेवाच आहे."

एवढं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती तिथंच उभी राहिली.

"अजून काय?"

"काही नाही."

"एक विचारू? त्या दिवशी हात वर केलास, तो शिंपिणीच्या पोरीवर कुरघोडी करायला. मला दिसलं होतं." थोरलीचे कान तापले. "पण मग इतके दिवस का गेलीस? मध्येच सोडली असतीस तर मी काही फाशी देणार नव्हतो."

थोरलीनं उत्तर शोधलं. चर्चमध्ये शिकवलेले मोठे मोठे शब्द तिला पाठ होते. त्यातला एकही तोंडात येईना.

"मुंग्या चढतात त्यांच्या पायावर," ती म्हणाली. "वाकता येत नाही त्यांना."

पाळकांचा पंप थांबला. चाकातून सुर्र करून उरलेली हवा गेली. कुणीच तिकडं लक्ष दिलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी वाऱ्यानं दिशा बदलली. थोरली तरीही गेली. डबा ठेवून, पायाची बोटं पुसून लगेच निघायचं ठरवलं होतं तिनं. बोटं पुसत असतानाच खोलीत अंधारलं. कौलावर पहिला थेंब पडला, मग बराच वेळ काही नाही, जणू तो चुकून आला होता.

नकोबा खिडकीतून बघत होता. तिथून बापाचं शेत दिसायचं. आई आणि धाकटा ताडपत्री ओढत होते. वारा ती त्यांच्या हातून हिसकत होता.

"भरणार आज," नकोबा म्हणाला.

"हो."

"तुमचं शेत खोलगट. पाणी तुंबणार."

"हो."

तो थांबला. तिच्या लक्षात आलं, की तो वाट बघतोय. एक वाक्य. आजोबा, चारी उघडू द्या. घासासारखं ते वाक्य तिच्या तोंडात फिरत होतं, गिळताही येईना आणि थुंकताही येईना. नियम आता तिला बांधत नव्हता, पाळकांनी सोडवलं होतं. पण हे मागितलं असतं, तर कालच्या मुंग्यासुद्धा चारीसाठीच पुसल्या असं झालं असतं. आणि तसं नव्हतं ते.

तिनं फडकं पिळून दोरीवर टाकलं.

"मी निघते, आजोबा. घरचे कांदे भिजतायत."

"मी पुरे म्हटलेलं नाही."

"नका म्हणू," थोरली म्हणाली आणि पळत सुटली.

शेतात पोचेपर्यंत आभाळ फाटलं होतं. पाळकही मदतीला आले होते. त्यांनी ताडपत्रीचं एक टोक इतक्या निष्ठेनं धरलं होतं, की वाऱ्याच्या एका झोतानं ताडपत्रीबरोबर ते पण उचलले गेले आणि पलीकडच्या सरीत उताणे पडले. "मी ठीक आहे!" ते चिखलातून ओरडले, पण विचारलं कुणीच नव्हतं.

थोरलीनं पाटी भरली, चाळीत ओतली, पुन्हा धावली. ओल्या पातीचं वजन दुप्पट झालं होतं. पाय घोट्यापर्यंत रुतत. धाकटा हुंदके देत कांदे गोळा करत होता आणि हुंदक्यांमध्येच ओरडत होता, "रडत नाहीये मी! कांद्यानं होतंय!" वरचा अर्धा भाग ताडपत्रीखाली आला. पण पाणी खालून यायला लागलं होतं. खालच्या सरींतले कांदे हलले, मग उठले, आणि हळूहळू तरंगत एकमेकांना भेटायला निघाले.

बाप बंद चारीसमोर उभा होता. गमबुटांत पाणी शिरलं होतं. दोन्ही हात नुसते लोंबत होते.

"काढा ते दगड!" आई ओरडली.

"शब्द दिलाय. देवासमोर. त्याच्या बांधाला हात लावणार नाही म्हणून."

"मग वर्षभर तो शब्दच खाऊ का आपण? शिजवून घालू?"

बापाचा जबडा हलला. हात हलले नाहीत. पाणी ताडपत्रीच्या कडेला टेकलं. थोरलीला एकदम मावशीचा रुमाल आठवला, त्याची निळी किनार, त्यावरची बारीक टीप. तिनं पाटी खाली ठेवली. कुठं ठेवली ते बघितलंही नाही. पाटी तरंगत निघून गेली.

तेवढ्यात बांधावर काहीतरी दिसलं. आधी वाटलं भुजगावणं. मग ते खोकलं. डोक्यावर पालथं पातेलं, बगलेत काठी, प्लॅस्टरच्या पायावर खताची रिकामी पिशवी बांधलेली. नकोबा. पातेल्यावर पाऊस असा वाजत होता, की त्याला स्वतःचंच बोलणं ऐकू येत नसावं, म्हणून तो ओरडूनच बोलला.

"माझे दगड हवेत मला!"

सगळे बघत राहिले.

"माझे आहेत ना? मला घरी हवेत!"

"आत्ता?" बाप म्हणाला. दोन वर्षांत तो त्याच्याशी पहिल्यांदा बोलत होता.

"मग कधी? मेल्यावर?" नकोबा बांधावर बदकन बसला, पाय पुढं पसरला आणि थोरलीकडे काठी रोखली. "ए पोरी! काम सोडून पळतेस? पुरे म्हटलं होतं मी? ये इकडं. हे दगड काढून त्या बाजूला लाव."

थोरली एक क्षण त्याच्याकडे बघत राहिली. मग ती चारीत उतरली.

वरचे दगड निघाले. नकोबा बसल्या बसल्या ते ओढून घेई आणि प्रत्येकाला नावं ठेवी, "हा आळशी आहे. हा तुझ्या बापासारखा, नुसता जड." पण तळाशी एक मोठा बसला होता, अर्धा मातीत. थोरलीनं खांदा लावला. नकोबानं काठीची पहार केली, काठी मोडली. दोन वर्षांपूर्वी हा धोंडा त्यानं एकट्यानं कसा आणला असेल, असा विचार थोरलीच्या मनात आला. राग माणसाला पहिलवान करतो. तो राग आता कामाचा होता, पण शिल्लक नव्हता.

नकोबानं वर पाहिलं. बाप अजून तसाच उभा.

"तुझ्या बापाला सांग," तो थोरलीला म्हणाला, बाप तीन हातांवर असताना, "हात लावायचा नाही असं ठरलंय. पायाचं काही बोलणं झालं नव्हतं."

बापानं ते ऐकलं. जरा वेळ विचार केला. माणूस सज्जन होता आणि सज्जन माणसाला असल्या गोष्टी पचायला वेळ लागतो. मग तो चिखलात बसला, पाठ मागच्या मातीला टेकवली, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे वर धरले आणि दोन्ही गमबूट धोंड्यावर रोवले. त्याच्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या. थोरलीनं बाजूनं रेटा दिला. पाळकही धावत आले आणि बापाच्या खांद्याला खांदा लावून बसले. त्याचा उपयोग झाला की नाही ते सांगता येत नाही.

धोंडा हलला. थांबला. आणि मग पाण्यानंच त्याला पलीकडे ओढून नेलं.

*

पाऊस जसा आला तसा निघून गेला, काहीही न सांगता. खालच्या सरीतले कांदे गेले. काही ओढ्यात, काही चिखलात. आईनं ताडपत्रीची कड उचलली, आतला एक कांदा घेतला, मानेवर अंगठा दाबून बघितला. कोरडा होता. दुसरा घेतला. मग तिसरा. तीन कांदे हातात धरून ती थोरलीकडे वळली.

"तुझे शाळेचे कपडे बाहेर वाळत घातलेत का गं?"

"हो."

"भिजले असतील मग. पुन्हा धुवावे लागतील." एवढं बोलून ती भराभरा चाळीकडे गेली. तोंड मात्र दुसरीकडे होतं.

नकोबाला उठता येईना. पिशवीतून पाणी आत शिरून प्लॅस्टरचा लगदा झाला होता. काठी मोडली होती. बाप त्याच्यासमोर जाऊन पाठमोरा खाली बसला. नकोबा म्हणाला, "नको." बाप तसाच बसून राहिला. शेवटी दोन म्हातारे हात त्याच्या गळ्याभोवती आले.

वाटेवर थोरली मागून पांढरा पाय सांभाळत चालली. "डावीकडून," नकोबा पाठीवरून सांगत होता. "तिथं खड्डा आहे. लग्नात नाचतोस का असा? सरळ चाल." बाप चालत होता. दर पावलाला गमबुटांतलं पाणी पचक पचक वाजत होतं.

नकोबाच्या दारात बाप थांबला. दोन वर्षं त्यानं हा उंबरा ओलांडला नव्हता. आत थोरलीनंच रोज पुसलेली जमीन दिसत होती.

"बूट काढ," नकोबा म्हणाला. "पोरीनं पुसलंय ते."

बापाचे दोन्ही हात म्हाताऱ्याच्या गुडघ्यांखाली गुंतले होते. त्याला काही सुचेना. तो उंबऱ्याबाहेर ओझ्यासकट उभाच राहिला.

थोरली चिखलात गुडघ्यांवर बसली. "पाय उचला, बाबा."

पहिला बूट निघेना. चिखलानं तो धरून ठेवला होता. तिनं दोन्ही हातांनी टाच पकडली आणि ओढली. बाप डुलला. "पाडशील रे मला!" नकोबा वरून ओरडला आणि त्यानं बापाचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. बूट सुटला, त्यातलं गढूळ पाणी थोरलीच्या मांडीवर सांडलं. आत बापाचा पाय पांढरा पडून सुरकुतला होता, बोटांत वाळू अडकली होती. तिनं ओढणीच्या टोकानं वाळू काढली.

"राहू दे गं," बाप म्हणाला.

"आता दुसरा," थोरली म्हणाली.